चिखलातून चालत जाणारे ब्रदर

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात माझा मोठेपणा कुठेच नाही. ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या खाडीवर माझी होडी होती. या काठावर आमचं गाव, बरंचसं क्रिस्ती. समोरच्या काठावर मिठागरात राबणाऱ्यांचा पाडा. मी लहान असताना माझे वडील पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेले. सकाळी त्यांनी जाळं खांद्यावर घेतलं आणि दुपारी आम्ही त्यांना मातीत ठेवलं. तेव्हापासून पटकी हा शब्द कानावर आला तरी मी तिथून उठून जाई. मिस्साला मी नेमाने जायचो, जपमाळ करायचो. पण मनात खोल कुठेतरी वाटायचं, जो देव त्या दिवशी आला नाही तो पुढे तरी कशाला येईल?

त्या वर्षी उन्हाळ्यात समोरच्या पाड्यात पटकी शिरली. पहिल्याच दिवशी तीन माणसं गेल्याचं कळलं आणि मी होडी ओढून काठावर उपडी घातली. मला तसं कोणी करायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी ठाण्याच्या देवळातले, म्हणजे चर्चमधले, ब्रदर काठावर आले. ते पाद्री नव्हते. संन्यासी होते, पण काम देवळाचं दार राखायचं, अंगण झाडायचं आणि भिकाऱ्यांना जेवू घालायचं. मूळचे गोव्याकडचे. अंगात तपकिरी झगा, कमरेला दोर, पाय अनवाणी. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. डोक्यावर तांदळाचं गाठोडं होतं. पलीकडे नेशील का, असं त्यांनी विचारलं. होडी फुटली आहे, पाणी घेते, असं मी सांगितलं. त्यांनी होडीकडे पाहिलं, मान हलवली आणि ओहोटीची वाट पाहत बसून राहिले.

आमच्या खाडीत ओहोटीला मधोमध कमरेएवढं पाणी उरतं, पण दोन्ही बाजूंना चिखल असतो. त्या चिखलात पाय रुतला आणि भरती लागली तर माणूस परत येत नाही. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही असणार. तरी झगा वर खोचून ते उतरले. मी बघत राहिलो. एक हाक मारली असती तर ते थांबले असते, पण मी ती मारली नाही. पुढच्या ओहोटीला ते परत आले ते गळ्यापर्यंत चिखलाने माखून. गावाला भीती वाटू नये म्हणून विहिरीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. असं दोन दिवस चाललं. माझी बायको कतरीन हे सगळं दारातून बघत होती. दुसऱ्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "होडी फुटलेली नाही. काय फुटलंय ते तुम्हाला ठाऊक आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी कतरीनलाच उलट्या सुरू झाल्या. घटकाभरात तिचे डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली, पायात गोळे येऊन ती कळवळू लागली. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. आणि मी, तिचा नवरा, उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. पाय आत पडेना. तिने पाण्यासाठी हात पुढे केला तो मला दिसत होता. प्रार्थना करावी म्हटलं तर मनात एकच येत होतं: मला नको, मला होऊ नये. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मान खाली जाते.

तेवढ्यात खाडीकडून हाक आली. ब्रदर पलीकडून परत येताना मध्येच रुतले होते आणि भरती लागली होती. पाणी छातीपर्यंत आलेलं. मी धावलो. विचार केला असता तर धावलो नसतो. होडी सुलटी केली, ढकलली, त्यांच्याजवळ नेली आणि त्यांच्या कमरेच्या दोराला धरून त्यांना वर ओढलं. ते पटकीच्या घरांतून आले होते, त्यांचा ओला झगा माझ्या छातीशी चिकटला होता, आणि हे माझ्या ध्यानात आलं तेसुद्धा काठ जवळ आल्यावर. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं: होडीचं खोटं, कतरीन, उंबरा.

ते म्हणाले, "मलाही भय असतं बाबा. रोज चिखलात पाय टाकताना असतं. ते जाईल म्हणून वाट बघितली असती तर मी अजून देवळाच्या दारातच बसलो असतो."

मग ते घरात शिरले, आणि त्यांच्या मागून मीही. त्यांनी तिला स्वच्छ केलं, कपडे जाळायला दिले, पातळ पेज करून त्यात मीठ घातलं. एकेक चमचा तिच्या ओठांशी नेत राहिले. ती ओकली की पुसायचं आणि पुन्हा चमचा. मला म्हणाले, "तू पाय धर, चोळत राहा." मी पाय धरले. बर्फासारखे गार होते. त्यांच्यासमोर सोडून कसे देणार, म्हणून चोळत राहिलो. अशीच रात्र सरली. सकाळी अंगणात ऊन आलं तेव्हा तिच्या तळव्यांना ऊब आल्यासारखं वाटलं. मला आधी ते खरंच वाटेना. मग तिने डोळे उघडले आणि मला म्हणाली, "जोरात नका चोळू, दुखतंय." ब्रदर हसले आणि भिंतीला टेकून तिथेच झोपी गेले.

साथ संपेपर्यंत मी त्यांना रोज पलीकडे नेलं. गावात काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पाड्यातली सगळी माणसं वाचली नाहीत. तीच पेज, तेच हात, तरी कितीतरी गेली. त्यांना ब्रदरनी धुतलं, आणि त्यांच्या त्यांच्या रीतीने पोहोचवायला मदत केली. कतरीनच का वाचली, हे मी त्यांना एकदा विचारलं. मला ठाऊक नाही, म्हणाले, आणि गाठोडं उचलून चालू लागले.

काही वर्षांनी साध्या तापाने ते गेले. पुरायच्या दिवशी समोरच्या पाड्यातले लोक देवळाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. आत यावं की नाही, त्यांना कळत नव्हतं. त्यातला एक म्हातारा पुढे होऊन खांदा द्यायची परवानगी मागू लागला. पाद्रीबाबांनी बाजूला होऊन त्याला वाट करून दिली. मी त्याच्या मागे खांदा दिला.

माझी भीती गेली का, असं विचाराल तर नाही. आजही शेजारी कोणी ओकल्याचा आवाज आला की छाती धडधडते. मात्र पूर्वीसारखं मी देवाला वाचव, टाळ, असं सांगत बसत नाही. तुझ्या इच्छेने होऊ दे, एवढं म्हणतो आणि त्या घराचं दार वाजवतो. आत काय होईल ते माझ्या हातात नाही. ते ज्याच्या हातात आहे, त्याने एका दुपारी माझ्यासारख्या माणसालाही हाक मारली, याबद्दल मी मरेपर्यंत त्याचा ऋणी आहे.