टॉवर आडवा व्हायची बाजू

हॅम रेडिओचा टॉवर मी स्वतःच डिझाइन केला. अँटेनासाठी वर चढायला नको, म्हणून बुडाशी बिजागरी ठेवली. तार सैल सोडली की टॉवर अंगणात आडवा! वाऱ्याचं, वजनाचं सगळं गणित मांडलं. काँक्रीट पक्कं झाल्यावर कळलं, तो आडवा होणार थेट बायकोच्या सीताफळावर. रोप तिनं कन्नडहून, माहेरून आणलेलं.

"अहो, हे झाड कागदावर नव्हतं का?"

"मापं घेतली तेव्हा पानं गळाली होती त्याची."

"आणि पाणी घालणारी मी? मीपण गळाले होते?"

शेवटी झाड तोडलं. आता रेडिओवरून थेट जपानपर्यंतच्या हौशी लोकांशी बोलणं होतं माझं. सीताफळं ती बाजारातून आणते. पूर्वी बिया अंगणात फेकायची, आता कचऱ्याच्या डब्यात टाकते.