साफ रिजेक्ट

टीव्हीवरच्या मालिकांचा या पृथ्वीतलावरचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, असं मला कोणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या व्याह्यांकडे बोट दाखवीन. व्याही म्हणजे आमच्या एकुलत्या एका लेकीचे सासरे. आमच्या जबलपुरात मालिका बघणारी माणसं काही कमी नाहीत. कोणी जेवताना बघतं, कोणी रडायची हौस म्हणून बघतं, आमच्या हिच्यासारखी काही जण स्वेटर विणता विणता नुसती ऐकतात. आमचे व्याही मालिका तपासायला बघत. संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. तयार होऊन आलेला माल उलटासुलटा करून बघायचा आणि खोट सापडली की त्यावर लाल खडूनं फुली मारायची. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, फक्त हातातला खडू काढून घ्यायला कारखाना विसरला. त्याची शिक्षा पुढं मी भोगली.

याची चुणूक मला लग्नातच मिळाली होती. रुखवतात मांडलेलं मोठं पातेलं त्यांनी भर मांडवात उचललं, उलटं केलं आणि कडीपाशी डोळा लावून बराच वेळ बघत बसले. मुलीचा बाप मी, हात जोडूनच पुढं झालो. वाटलं, निघालं आता मानपानाचं काहीतरी. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "व्याहीजी, या कडीचं रिव्हेट ढिलं आहे. दुकानदाराला वापस करा. हे लोक काहीही देऊन देतात." आणि दुसऱ्याच दिवशी, अजून घरातली तोरणंसुद्धा उतरली नव्हती, ते पातेलं बदलून आणायला ते स्वतः स्कूटर घेऊन हजर.

तेव्हापासून ती स्कूटर रोज सकाळी सव्वाआठला त्यांच्या मदन महलहून आमच्या चेरीतालला येऊन आमच्या फाटकाशी थांबू लागली. ते आणि आम्ही एकच मराठी मालिका बघत होतो, संध्याकाळी साडेसातची. चहूकडे हिंदी बोलणाऱ्या गावात मालिकेवर मराठीतून बोलायला माणूस मिळाला, म्हणून सुरुवातीला मला आनंदच झाला होता. माझ्यासारखा मूर्ख मीच. व्याही हेल्मेट काढत, खिशातून एक जुनी सरकारी डायरी काढत आणि चहाला हात लावण्याआधी कालच्या भागातल्या खोटी वाचून दाखवत. नायिका दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा ओठांना ताजी लाली होती. सासू झोपते तीही अंगभर दागिने घालून. दिवाणखान्यातलं घड्याळ वर्षभर दहा वाजून दहा मिनिटांवर आहे. "काहून? एवढा मोठा बंगला आहे, घड्याळात सेल टाकायला माणूस नाही काय?" एकदा तर त्यांनी डायरी माझ्या नाकासमोर नाचवली. "या घरात सहा महिन्यांत कुकरची शिट्टी ऐकली काय तुम्ही? सतरा माणसं जेवून राहिली रोज, शिजवून कोण राहिलं?" आणि त्यांचा सगळ्यात मोठा राग होता रिकाम्या कपांवर. "घोट घेते, पण गळा हलत नाही. कपात चहाच नाही, व्याहीजी! साफ रिजेक्ट."

मला राग यायचा, आणि तो साधासुधा नव्हता. आदल्या संध्याकाळी मी नायिकेच्या उशाशी बसून, म्हणजे आमच्या सोफ्यावर बसून, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसलेले असत आणि सकाळी हा गृहस्थ माझ्या त्या रडण्यावर फुली मारून जाई. दुसरा कोणी असता तर मी त्याला डायरीसकट फाटकाबाहेर काढला असता. पण व्याह्यांना कसं बोलणार? आपली मुलगी त्यांच्या घरात. मी दात खाऊन हसत असे आणि वर विचारत असे, "अजून अर्धा कप घेता?" ते घेत. आधी कपात डोकावून बघत आणि मग घेत.

अशी दोन वर्षं गेली आणि आमच्या मुलीला बँकेत नोकरी लागली. परीक्षा दिली होती हे सासरी ठाऊक होतं. नेमणूक खंडव्याला निघाली हे फक्त जावयाला आणि विहीणबाईंना ठाऊक होतं. आता व्याह्यांना सांगायचं कोणी? जावई म्हणाले, "बाबांना आई सांगेल." विहीणबाई आमच्या मुलीला म्हणाल्या, "ना बाबा. यांनी एकदा फुली मारली की मिटत नाही. तुझ्याच पप्पांना सांगू दे. ते दोघं रोज तासभर बोलतात." मुलीनं मला फोन केला आणि रडत म्हणाली, "पप्पा, पंधरा दिवसांत हजर व्हायचं आहे. तुम्हीच बोला न." सात वर्षं अभ्यास केलेली पोर ते नेमणुकीचं पत्र कपाटात साड्यांखाली दडवून बसली होती.

सुदैवानं मालिकेतल्या नायिकेलाही त्याच सुमारास परगावी नोकरी लागली होती. मला वाटलं, देवच पावला. सरळ बोलायची हिंमत नव्हती, तेव्हा मी मालिकेच्या आडून बोलायचं ठरवलं. सकाळी चहा पुढं करत मी म्हटलं, "व्याहीजी, त्या पोरीला जाऊ द्यायला पाहिजे, नाही का?" त्यांनी गंभीरपणे डायरी उघडली. "ते ठीक आहे. पण नोकरीच्या पत्राचं पाकीट पाहिलं काय? त्यावर तिकीटच नव्हतं. आलं कसं?" दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "सासू-सासऱ्यांनी मन मोठं करायला हवं." ते म्हणाले, "सासऱ्याच्या चष्म्यात काच नाही. लाइट चमकत नाही, तुम्ही बघा आज." मी रोज एक दार ठोठावत होतो आणि ते रोज त्या दाराची बिजागरी तपासत होते. पंधरातले नऊ दिवस असेच गेले.

दहाव्या दिवशी नायिका घर सोडून निघाली. त्या भागात मी इतका रडलो की हिनं विणकाम बाजूला ठेवून मला पाणी आणून दिलं. सकाळी व्याही आले ते लालबुंद होऊनच. हेल्मेटही काढलं नाही. "साफ रिजेक्ट! त्या पोरीचं जाणं मला बिलकुल पटलं नाही!"

माझा ताबा सुटला. व्याही, मानपान, मुलीचा बाप, सगळं कुठल्या कुठं गेलं. मी ओरडलो, "पटायचं काय त्यात? तुमच्या पटण्यासाठी पोरींनी जन्मभर घरात बसायचं? चौतीस वर्षं लोखंडाला नावं ठेवलीत, आता माणसांना ठेवता? माझी मुलगी इतके दिवस नेमणुकीचं पत्र साड्यांखाली दडवून बसली आहे, तुमच्या भीतीनं! तुमच्या घरात सगळे घाबरतात तुम्हाला, बायको, मुलगा, सगळे! आणि तुम्हाला कपातला चहा दिसतो!" ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं कपाळावर हात मारून घेतला.

व्याह्यांनी हातातल्या डायरीत पुन्हा एकदा बघितलं. मग हळूच म्हणाले, "मी तर सुटकेसचं बोलून राहिलो होतो. रिकामी होती. एका बोटावर उचलली तिनं. घर सोडून जाणाऱ्या पोरीची सुटकेस अशी असते काय?" त्यांनी डायरी मिटली, खिशात घातली आणि ते निघून गेले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी स्कूटर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मुलीचा फोन लागेना. लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही काय बोलून बसलात? बाबा कोणाशीच बोलत नाहीत," आणि फोन ठेवला. मी स्वतःवर असा चिडलो की साडेसातला टीव्ही लावलाच नाही. पोरीच्या नोकरीवर मी माझ्या हातानं फुली मारली होती. हजर व्हायला दोन दिवस उरले तेव्हा मात्र मी ऑटो केला आणि पाय धरायच्या तयारीनं मदन महलला गेलो.

व्याही बनियनवर, जमिनीवर बसले होते. समोर एक भली मोठी सुटकेस उघडी होती आणि तिच्यात त्यांनी कुकर बसवला होता. कुकरात डाळीची पुडी, पुडीशेजारी टॉर्च, कुलूप, लाल चिकटपट्टी गुंडाळलेली एक जुनी एक्स्टेंशनची वायर, तीन पिशव्यांत बांधलेली लोणच्याची बरणी. कोपऱ्यात आणखी दोन नव्या सुटकेस होत्या, त्यांच्या चाकांवर लाल फुल्या होत्या. मला बघून ते उठले नाहीत. चिडले. दोन वर्षांत त्यांना माझ्यावर चिडलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"दोन वर्षं रोज तुमच्या घरी येऊन राहिलो मी," ते म्हणाले. "त्या टीव्हीवाल्या पोरीचं काय काय नाही बोललो आपण? तिच्या सासूचं बोललो, तिच्या पत्राचं बोललो. अन् आपल्या पोरीचं दोन मिनिटं बोलता नाही आलं तुम्हाला? मी काय तिला रिजेक्ट केलं असतं?" मग त्यांनी कुकर उगाचच इकडचा तिकडं सरकवला. "दोन दिवस झाले, मी आरशापुढं उभा राहून बघून राहिलो, मी एवढा भयंकर दिसतो काय म्हणून." मला तोंड वर करून बघवेना. मीही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि लोणच्याच्या बरणीला चौथी पिशवी बांधली.

मदन महल स्टेशनवर ती सुटकेस त्यांनी कोणाला उचलू दिली नाही. जावई पुढं झाले, मी पुढं झालो, हमालही आला. "भैया, हटो," म्हणत त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, एका बाजूला वाकले, मानेच्या शिरा ताणल्या आणि डब्यात चढता चढता मागं वळून मला म्हणाले, "बघा. अशी उचलतात." आमची लेक त्यांच्या पाया पडली तेव्हा ते छताच्या पंख्याकडं बघत होते, तो बरोबर बसवला आहे की नाही हे बघत असल्यासारखे.

पुढं जावयालाही खंडव्यात काम मिळालं, नातू झाला, आणि त्याच्यापाशी राहायला व्याही आणि विहीणबाई निघाले. पुन्हा तेच स्टेशन. या वेळी त्यांची सुटकेस मी त्यांच्या हातातून घेतली आणि ती अलगद एका हातानं वर आली. मला राग आला. मी म्हटलं, "व्याहीजी, ही तर रिकामी आहे. साफ रिजेक्ट." ते हसले नाहीत. म्हणाले, "सामान घरीच ठेवलं आहे सगळं. दोन महिन्यांत येतोच न वापस. तोवर तुम्ही बघत राहा." आणि ती डायरी माझ्या खिशात घालून ते डब्यात चढले.

खंडव्याच्या त्यांच्या घरी मराठी वाहिनी लागत नाही. त्यामुळे रविवारी सकाळी मी फोन करतो आणि आठवड्याच्या खोटी वाचून दाखवतो. ते नातवाला मांडीवर घेऊन ऐकतात. शेवटी एकच विचारतात, "कपात चहा होता काय?" मी म्हणतो, "नव्हता." मग मी विचारतो, "अन् तुम्ही कधी येता?" ते म्हणतात, "येतो, येतो."

दोन महिने म्हणाले होते. चार वर्षं झाली. सव्वाआठला ही अजून सवयीनं तीन कप मांडते, आणि तिसरा परत फडताळात ठेवताना माझ्याकडं बघत नाही. मला राग यायला नको का?