मचाणावरची मास्तरीण

आज सकाळी नातीनं मोबाइलवर 'करिअर प्लॅनिंग'चा व्हिडिओ लावला होता. रोज पहाटे उठा, स्वतःचं स्वतः शिका, वेगवेगळी कामं करून बघा... मी म्हटलं, अगं बाई, हे सगळं मी मचाणावर बसून केलंय!

गोष्ट पन्नासच्या दशकातली, चामोर्शीजवळच्या आमच्या गावची. मी मावशीकडे राहून सातवी पास झालेली, त्या काळी तेवढ्यावर मास्तरकीही मिळायची, आणि माझ्या डोक्यात नोकरीचं खूळ. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला, "धान घरात आलं का तुह्यं लगन. तोपर्यंत पाखरं राख."

धानाच्या, म्हणजे भाताच्या, लोंब्या भरायला लागल्या की पोपटांचे थवे उतरायचे. म्हणून प्रत्येक शेतात एक मचाण आणि मचाणावर घरातलं एक पोर... दिवसभर नुसतं "हाऽ हूऽ" ओरडायचं. त्या दिवसांत शाळा ओस पडायची आणि गुरुजी एकटेच माशा मारत बसायचे.

मी मात्र टाइमटेबल केलं. सकाळी वाचन, मग गणित, आणि दुपारी एकेक धंदा करून बघायचा. नर्स होऊन शेळीच्या पायाला पट्टी बांधली... तिनं ती खाल्ली. शिवणकाम म्हणून बाबांचा सदरा शिवला, तर बाहीत गेलेला त्यांचा हात बाहेरच येईना! त्यावर मी जे ऐकलं ते इथं लिहिता येत नाही.

उरली मास्तरकी. "हाऽ हूऽ"ऐवजी मी पाढेच ओरडायला लागले. बे एके बे! पोपट भुर्रकन उडाले. शेजारच्या मचाणावरून आवाज आला, बे दुणे चार! मग पलीकडून, त्याच्याही पलीकडून... बघता बघता अख्ख्या शिवारात वर्ग सुरू. बाबा कुरकुरायचे, "पाखरं हाकलून राह्यली का मास्तरकी करून राह्यली?" पण धान शाबूत होतं, त्यामुळे पुढं काही बोलायचे नाहीत.

आणि एक दिवस चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, साहेब शाळा तपासायला आले. शाळेत एक टेबल, एक घंटा आणि घाम पुसणारे गुरुजी! पण गुरुजी बिलंदर. साहेबांना घेऊन थेट आमच्या बांधावर आले आणि म्हणाले, "साहेब, धानाच्या दिवसांत आमची शाळा इथी भरते."

साहेबांना बघून माझी बोबडीच वळली. मास्तरीण गप्प, म्हणून सगळी मचाणं गप्प. पोपटांना तेवढंच पाहिजे होतं... अख्खा थवा आमच्याच धानावर उतरला.

बाबा धोतर सावरत, बोंबलत पळत आले. "अवं, चूप काऊन बसली? पोपट बसले ना धानावर! शिकव! शिकव म्हणतो ना तुले!"

मी डोळे मिटून ओरडले, "सात सत्ते एकोणपन्नास!" साऱ्या मचाणांवरून "सात आठे छप्पन!" आलं आणि थवा उडाला. साहेब पोट धरून हसले. मग बाबांना म्हणाले, "भाऊ, शाळेला अजून एक शिक्षक हवाच आहे. मुलीला पाठवाल?"

बाबांनी एकदा धानाकडे बघितलं. साऱ्या शिवारादेखत "शिकव" म्हणून बसले होते, आता शब्द फिरवणार कसा? "पाठवतो," ते म्हणाले. "पण राखणीच्या दिवसांत शाळा इथीच भरली पाहिजे."

लग्न झालं, पण नोकरी लागल्यावर. पुढं आयुष्यभर शिकवलं, शाबासक्याही पुष्कळ मिळाल्या... पण धोतर सावरत पळत आलेल्या बाबांचं ते "शिकव!" आठवलं की आजही हसता हसता डोळे भरून येतात.