मशीनला शिकवलेला हात

माणूस हुशार की रोबो, असा वाद कुणी सुरू केला की मी तिथून उठून जातो. वाद घालणाऱ्यांनी रोबो बहुधा पेपरातच पाहिलेला असतो. मी नव्वदच्या दशकात बारामती एमआयडीसीत त्याच्याबरोबर एका शेडमध्ये काम केलं आहे, आणि त्याला काम शिकवणाराही मीच होतो.

त्या कारखान्यात मशीनवर बसवायची पत्र्याची कव्हरं बनत. साखळीच्या आकड्यांवर टांगलेली कव्हरं सरकत समोर यायची आणि मी स्प्रे गननं त्यांना रंग मारायचो. निरवांगीहून मोटारसायकलवर रोजची ये-जा. रंग नाकातोंडात जायचा, डब्यातल्या भाकरीलाही थिनरचा वास यायचा. पण कोपऱ्यात रंग साचू द्यायचा नाही, कडेला ओघळ येऊ द्यायचा नाही, हे माझ्यासारखं कुणाला जमत नाही असं सगळे म्हणत, आणि मलाही ते पुरेपूर पटलेलं होतं.

एक दिवस लाकडी खोक्यातून रोबो आला. सिनेमातल्यासारखं त्याला डोकं नव्हतं की पाय नव्हते. जमिनीला बोल्टनं आवळलेला नुसता एक हात, त्याच्या टोकाला गन. त्याच्याबरोबर पुण्याहून एक तरुण इंजिनिअर साहेब आले होते. ते म्हणाले, याला स्वतःचं काहीच येत नाही. तुम्ही याचा हात धरून रंग मारा, तो ते लक्षात ठेवील आणि हुबेहूब तसंच करील. अख्ख्या शेडमधून त्यांनी मलाच निवडलं म्हणून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या आनंदाची मला आजही चीड येते.

साहेबांनी बटण दाबलं. मी दोन्ही हातांनी रोबोचा दांडा धरला, सवयीनं गन कपाळापर्यंत आणली, डोळे मिटले आणि मग रंग सुरू केला. आमच्याकडं कातर असो की खुरपं, दिवसाचं काम सुरू करताना अवजार कपाळाला लावायची रीत आहे. मी ती दिवसातून एकदाच पाळायचो. रोबोनं ती प्रत्येक कव्हराला पाळली. कव्हर समोर आलं की तो गन वर न्यायचा, माझ्या कपाळाच्या उंचीवर जरा थांबायचा आणि मग खाली येऊन रंग मारायचा. तिथं कपाळ नव्हतंच. शेडमधली माणसं पोट धरून हसली. तुमचा चेला भलताच देवभोळा निघाला, असं मला चिडवायला लागली. साहेबांना काही उमगेना. मी सांगितल्यावर तेही हसले, रागावले नाहीत. यात वेळ जातो, आपण पुन्हा शिकवू, फक्त या वेळी ते नको, एवढंच म्हणाले.

पुन्हा शिकवताना मी गन कपाळाला नेली नाही. बटण दाबल्याबरोबर सरळ रंग. असं काम मी जन्मात पहिल्यांदा सुरू केलं, आणि ते बिनबोभाट जमलं याचाच मला जास्त राग आला.

मग वरचे अधिकारी तुलना बघायला आले. सकाळी मी रंग मारला, दुपारी त्यानं. तुलना कसली करणार? सकाळी माझा हात होता आणि दुपारीही माझाच होता. फरक इतकाच, की दुपारच्या हाताला घाम येत नव्हता, चहा लागत नव्हता आणि गावच्या जत्रेला सुट्टी नको होती. अधिकारी कव्हरांवरून बोटं फिरवून माना डोलावत होते. तेवढ्यात एक कव्हर आकड्यावर तिरपं टांगलेलं आलं. माझ्या हातात गन असती तर मी तसाच वळसा घेऊन ते रंगवलं असतं. रोबोनं अर्धा रंग हवेत मारला आणि तो पुढच्या कव्हराची वाट बघत उभा राहिला. मी मनातून खूश झालो. म्हटलं, बघा आता.

त्यांनी बघितलं. कव्हरं सरळ टांगायला एक माणूस कायमचा उभा करायचा, असं ठरवून ते गेले. तो माणूस मी. साहेब मायेनं म्हणाले, आता तुमच्या नाकातोंडात रंग जाणार नाही. खरंच होतं ते. राग काढायलासुद्धा त्यांनी जागा ठेवली नव्हती.

घरी मी यातलं काहीच सांगितलं नाही. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा व्हायची आणि घरच्यांना आत सोडायचे. त्या वर्षी वडील मागेच लागले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. मेंढरं होती तेव्हा लोकर कातरावी ती आबांनीच, आणि मलाही कातर धरायला त्यांनीच शिकवलेलं. पोराचं काम एकदा डोळ्यांनी बघायचं होतं त्यांना. रोबोला झेंडूचा हार घातला होता. नारळ फुटला आणि साहेबांनी पाहुण्यांसाठी तो चालू केला. रोबोभोवती काचेची भिंत होती; आबा तिला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो तर तुजा हात हाय," ते म्हणाले. "कातर मागं घेताना तू असंच मनगाट फिरवायचास."

इतक्या तपासण्या झाल्या, पण तो हात माझा आहे हे दुसऱ्या कुणीच म्हटलं नव्हतं.

"मग आता तू काय करतूस हितं?"

मी त्यांना आकडे दाखवले. कव्हर तिरपं आलं तर त्याला रंगवता येत नाही, म्हणून मी सरळ टांगून देतो, असं सांगितलं. आबांनी एकदा आकड्यांकडं आणि एकदा रोबोकडं बघितलं.

"म्हंजे त्येनं तुजा हात घेतला, आन् तुला गडी म्हणून ठिवला."

"व्हय, आबा," मी म्हणालो.