किसनची मांडी

संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी फौजेत नर्सिंग असिस्टंट. लान्सनायक किसन इन्फंट्रीत; माझ्याच गावचा, बुलडाणा जिल्ह्यातल्या धाडजवळचा. दोघांना सुट्टी एकदम मिळाली, आणि त्याच आठवड्यात गावात शंकरपट! बैलजोड्यांची शर्यत म्हणजे आमचा जीव की प्राण.

ट्रेनिंगमध्ये आमचे सुभेदार साहेब एकच धडा घोकून घेत. "टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेव! मांडीवर काय फुगलं?" तो दर्जी स्नायू, अंगातला सगळ्यांत लांब. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघतो, मांडीवरून तिरपा उतरतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला जातो. शिंपी मांडी घालून बसतो तो ह्याच्या जोरावर, म्हणून हे नाव. "त्याच्या आतल्या अंगाला, जांघेत, मोठी धमनी. ती तुटली की जवान गेला. ठोका शोध, दाब, सोडू नको!"

पटाच्या दिवशी किसनची जोडी सुटली. काय पळाली राजेहो! बोंबलून माझा घसा बसला. पहिला नंबर! किसन छकड्यावरून उडी मारून बैलाला मिठी मारायला धावला. लोकांच्या आरड्यानं बैल बिथरला आणि शिंग त्याच्या जांघेखाली घुसलं.

मी पोचेपर्यंत मंडळींनी बैलांच्या पूजेच्या ताटातली हळद जखमेत कोंबली होती, आणि कासरा आवळला होता तो गुडघ्याखाली! हळद रक्ताबरोबर उसळून बाहेर येत होती.

"हटा बे सगळे!"

जांघेत ठोका सापडला. मूठ रोवली, अंगाचा सगळा भार टाकला. रक्त थांबलं.

"काऊन दाबून राह्यला बे? लय दुखते!" किसन ओरडला.

"दुखते म्हंजे जित्ता आहेस. गप पड."

कापसाच्या ट्रकमधून बुलडाण्याचा दवाखाना येईपर्यंत मी मूठ उचलली नाही. डॉक्टरांनी फाटलेली धमनी शिवली, अर्धा तुटलेला दर्जी स्नायूही शिवला.

किसनची सुट्टी वाढली; मीही माझी वाढवून घेतली. एका सकाळी त्यानं ओट्यावर बसून टाच उचलली, हळूच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली, आणि चक्क मांडी घातली. "पाह्य बे!" मी नाचलो. खरंच नाचलो, भर रस्त्यात.

पुढे सीमेवर लढाई पेटली. लान्सनायक किसन आपल्या सेक्शनच्या पुढे होता. तिथेच पडला. मी दुसऱ्या सेक्टरमध्ये होतो. सुट्टी मिळाल्यावर आधी त्याच्या मायकडे गेलो. तिनं एवढंच विचारलं, "तिथं त्याले दाबून धरनारं कोनी होतं काय रे?"

मला माहीत नव्हतं.

"होतं, माय," मी म्हणालो.