गडावरची बडबडी फुलवाली

वणीच्या गडावर दरवर्षी भेटणारी ती फुलवाली डोक्यावर पाटी घेऊन, अखंड बडबडत पायऱ्या चढायची. नव्वदच्या दशकात मी शाळेत विज्ञान शिकवायचे. एका वर्षी नवस पायीच फेडायचा होता, पण तिची बडबड टाळायला, तिला मागे टाकायला धावले आणि निम्म्यावरच पोटऱ्यांचे दगड झाले. प्राणवायू कमी पडला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, हे वर्गात घोकवून घेणारी शहाणी मीच!

"डोली सांगू का, बाई?"

"नाही. पायीच जाणार."

"मंग बोलत चला. बोलता येईना, की थांबायचं. सासू कशी हाय?"

मला धाप लागली की तीही थांबायची, पाटी न उतरवता. पायऱ्या संपल्या, तरी सासूबद्दलच्या माझ्या तक्रारी संपल्या नव्हत्या.

पुढे सुनेलाही हीच युक्ती शिकवली. फक्त मी चार पायऱ्या पुढे चालले.