सोडा म्हणेपर्यंत

कॅप्टन रणदिवे कुठेही बसायचे तर आधी वारा बघायचे. मग खुर्ची उचलून बरोबर वाऱ्याकडे तोंड करून ऐसपैस बसायचे. आम्ही नगरकडची मंडळी धुळीला पाठ देऊन बसणारी. हे गृहस्थ भाकरीवर माती उडाली तरी जागा बदलायचे नाहीत. विडीही तशीच पेटवायचे, त्यात अर्धी काडेपेटी संपायची. "तोंड करून बसलं की वारा लाडात येतो," ते म्हणत. "पाठ केली की उचलून आपटतो."

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. उसावर पाकोळी कीड पडली की आमचा साखर कारखाना विमानातून औषध फवारून घेई, आणि ते चिमुकलं विमान कॅप्टन घेऊन येत. मूळचे नगरजवळच्या केडगावचे, त्यामुळे साहेबी टोपीखाली माणूस घरचाच. मी कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून. मुरमाच्या धावपट्टीवरची गुरं हाकलणं आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूला कापडी नळी बांधणं ही माझी कामं. नळी काही केल्या मंजूर होईना, तेव्हा मी माझ्या जुन्या लेंग्याचा एक पाय कापून वर चढवला. कॅप्टनना तो इतका आवडला की नवी नळी आल्यावरही त्यांनी तो उतरवू दिला नाही.

त्यांचं मागणं एकच होतं. उतरताना पट्टीवर पाच-सहा दणकट माणसं ठेवा. हलकं विमान चाकं टेकल्यावरही जोराच्या वाऱ्यात उलटतं, तेव्हा पंख धरायला माणसं लागतात. आमचे अध्यक्ष अण्णासाहेब यांना ते काही पटेना.

"इमान हाय का मारका बैल?" ते म्हणाले. "मानसांनीच धरायचं तर इंजिन कशाला?"

माणसं मिळाली नाहीत. त्याऐवजी अण्णासाहेबांनी कॅप्टनचा सत्कार ठरवला, तोही विमानातून उतरल्या उतरल्या, आणि ऐन आखाडात! मांडव सकाळीच वाऱ्याने पाटापलीकडे नेऊन टाकला होता. संचालक मंडळी वाऱ्याला पाठ करून, फेटे धरून पट्टीच्या कडेला उभी होती. बांबूवर माझा लेंगा ताठ आडवा झाला होता.

विमान आलं. वारा पट्टीला नेमका आडवा. पहिल्या खेपेला त्याने विमान पार उसावर ढकललं, दुसऱ्या खेपेलाही तेच. परत पुणं गाठण्याइतकं पेट्रोल उरलं नसणार, हे मला माहीत होतं. नारळ घेतलेले संचालक देवाचं नाव घेऊ लागले. तिसऱ्या खेपेला कॅप्टननी पट्टीची लांबी सोडली आणि वाऱ्याकडे तोंड करून, पट्टीच्या रुंदीवरच, सरळ आमच्या अंगावर विमान आणलं. ते इतकं सावकाश येत होतं की अण्णासाहेब म्हणाले, "थांबलं का काय वरच?"

उसाचे शेंडे चाटत ते खाली आलं, टेकलं आणि जवळजवळ तिथंच थांबलं. लगेच डावा पंख उचलला जाऊ लागला.

"पंख धरा!" कॅप्टन खिडकीतून ओरडले. "मी सोडा म्हणेपर्यंत सोडू नका!"

पट्टीवर होती ती फक्त सत्काराला आलेली माणसं. अख्खं संचालक मंडळ धावलं. अण्णासाहेब हारासकट डाव्या पंखाला लोंबकळले. त्यांचा फेटा सुटून उसात गेला, पण पंख खाली आला. माणूस वजनदार होता, हे विरोधकांनीही कबूल केलं असतं. मी चाकांना दगड लावले, दोरखंडांनी विमान खुंट्यांना बांधलं, इंजिन बंद झालं, संचालक सुटले. अण्णासाहेब मात्र डोळे मिटून तसेच.

"अण्णा, झालं की," मी म्हणालो.

"त्ये अजून सोडा म्हनलं न्हाईत."

कॅप्टन खाली उतरले, अण्णासाहेबांच्या हातातल्या हारात स्वतःच मान घातली आणि म्हणाले, "सोडा, अण्णासाहेब."

त्यानंतर माणसं कमी पडली नाहीत. विमानाचा आवाज आला की अण्णासाहेब फेटा कचेरीत ठेवून डाव्या पंखाच्या जागेवर हजर. पुढे पुढे तर दोघं शेजारी खुर्च्या टाकून वाऱ्याकडे तोंड करून बसत आणि आळीपाळीने खोकत.

मग एका वर्षी कॅप्टन डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. उडणं संपलं. निरोप घ्यायला आले ते एस.टी.ने. परतताना पुढची खिडकी पकडून बसले, काच उघडीच. बाहेर अण्णासाहेब खिडकीचा गज धरून उभे. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली, तरी गज सुटेना. अण्णासाहेब गाडीबरोबर चालू लागले.

"अण्णा, सोडा की आता," मी ओरडलो.

"त्येंनी म्हनू दे."

कॅप्टन समोर बघत होते. वारा तोंडावर येत होता, डोळे भरून वाहत होते. बराच वेळ त्यांच्या तोंडून तो शब्द निघेना. ड्रायव्हरही भला, गाडी चालत्या माणसाच्या वेगानेच नेत राहिला.